पाण्याची गादी घेताना

नमस्कार श्रोतेहो. आज गादीविषयी बोलू या. कापसाची नाही, फोमचीही नाही, पाण्याची गादी. वॉटरबेड.

वॉटरबेड घ्यायला गेलेली माणसं काय करतात, तर पिशवीवर एक थाप मारतात, लाटा कशा उठतात ते बघतात, हसतात आणि थेट किंमत विचारतात. मी म्हणते, पिशवी सगळ्यात शेवटी बघा. आधी हीटर बघा, मग अस्तर, मग चौकट. लिहून घेत असाल तर पुन्हा सांगते: हीटर, अस्तर, चौकट. असं का, ते एका गोष्टीतून कळेल. आणि खरं सांगू का, ही गोष्ट सांगायला मला नुसतं निमित्त लागतं!

साल १९६८. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोमध्ये चार्ल्स हॉल नावाचा एक तरुण डिझाइन शिकत होता. वर्गात प्रकल्प करायचा होता. त्यानं ठरवलं, आपण आरामाचं फर्निचर करू. आपण टणक जागेवर आडवे झालो की खांदा, माकडहाड, टाचा असे पुढे आलेले भागच सगळा भार सोसतात. तो भार अंगभर वाटला जावा, असं काहीतरी त्याला हवं होतं.

मग त्यानं काय केलं असेल? त्यानं एक खुर्ची केली आणि तिच्यात कॉर्नफ्लोअरचं मिश्रण भरलं. वाटीभर नाही हो, ३०० पौंड! म्हणजे १३६ किलो कॉर्नफ्लोअर! आता ज्यांनी कॉर्नफ्लोअर पाण्यात कालवलंय त्यांना त्याचा स्वभाव ठाऊक आहे. चमचा हळू फिरवला तर मुकाट्यानं वाट देतं, घाईनं फिरवला की अडून बसतं. अशा खुर्चीत माणूस बसला की सावकाश आत, आणखी आत. खुर्ची त्याला गिळायलाच निघालेली. आणि झटक्यात उठायला जावं, तर तेच मिश्रण घट्ट!

बरं, कॉर्नफ्लोअर बाद. मग पठ्ठ्यानं जेली घालून पाहिली. होय, खायची जेली. ती काही दिवस नीट राहिली, मग नासायला लागली. जेलीही बाद. तेव्हा कुठे त्याच्या मनात आलं, साधं पाणी का नको? आणि खुर्ची तरी कशाला, सरळ पलंगच करू. व्हिनाइलची मोठी पिशवी, आत पाणी, भोवती चौकट.

वर्गाचं प्रदर्शन भरलं. बाकीच्या मुलांनीही आपापल्या वस्तू मांडल्या होत्या, पण सगळा वर्ग जाऊन पडला तो हॉलच्या पलंगावर. लोळताहेत, उसळताहेत, उठायचं नाव नाही. दुसऱ्यांचे प्रकल्प बिचारे ताटकळत राहिले.

इथे थोडं विषयांतर करते, राग मानू नका. हल्ली प्रकल्प म्हणजे रंगीत सादरीकरण झालंय. पडद्यावर बाण फिरतात, मार्क मिळतात, आणि वस्तूला कुणी हातही लावत नाही. १३६ किलो कॉर्नफ्लोअर वर्गात आणू देणारे मास्तर आता कुठे भेटतील? असो.

१९७१ साली हॉलला पेटंट मिळालं. तोवर नक्कल करणारे बाजारात उतरले होते, आणि श्रोतेहो, आपल्या कामाची गोष्ट इथे आहे. हॉलच्या पलंगात पाणी कोमट ठेवायची सोय होती. नक्कल करणाऱ्यांनी उचलली फक्त पिशवी. हीटर नाही, अस्तर नाही, धड चौकट नाही. लोक गारठले, खोल्यांमध्ये पाणी झालं आणि नाव मात्र वॉटरबेडचं खराब झालं. तरीसुद्धा १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत खपणाऱ्या दर पाच गाद्यांमागे साधारण एक पाण्याची होती. पुढे ती लाट ओसरली.

तसं पाहिलं तर मूळ कल्पना हॉलच्याही आधीची. १८३०च्या दशकात नील आर्नट या स्कॉटिश डॉक्टरांनी शय्याव्रण, म्हणजे अंथरुणावर पडून पडून होणाऱ्या जखमा, झालेल्या रुग्णांसाठी पाण्याच्या हौदावर रबरी कापड पसरून बिछाना केला होता. पेटंट घेतलं नाही, ज्याला हवा त्यानं करावा. मला या गृहस्थांबद्दल फार आदर आहे, पण वेळ कमी आहे.

तर, हीटर. पाणी अंगातली ऊब ओढून घेतं. ते खोलीइतकंच गार राहिलं, तर पहाटेपर्यंत तुम्ही काकडलेले असता. म्हणून पिशवीखाली ठेवायचा, थर्मोस्टॅटचा हीटर हवाच. बहुतेकांना तिशीच्या आसपासचे अंश सेल्सिअस मानवतात. अस्तर म्हणजे पिशवीखालचं, कडेनं वर आलेलं दुसरं आवरण. पिशवी गळलीच तर पाणी अस्तरात साठतं, जमिनीवर येत नाही. दुकानदार म्हणेल, पिशवी फुटतच नाही. तरी अस्तर घ्या.

चौकट लाकडी असेल तर टणक कडेवरून उठावं लागतं. गुडघ्यांची तक्रार असलेल्यांनी फोमच्या कडेचा प्रकार बघावा. आणि वजनाचा हिशोब मांडा. दीड मीटर रुंद, दोन मीटर लांब, २० सेंटिमीटर खोल गादी म्हणजे ६०० लिटर पाणी. ६०० लिटर म्हणजे ६०० किलो, माणसं अजून झोपलेलीच नाहीत! दर चौरस मीटरला २०० किलो झाले. राहत्या घरांची जमीन साधारण एवढ्याच भारासाठी आखलेली असते. तेव्हा वरचा मजला असेल, घर जुनं असेल, तर आधी इंजिनिअरला विचारा.

आता पिशवी. आत फायबरचे थर असले की लाटा लवकर शमतात. थर नसले, तर एकानं कूस बदलली की दुसऱ्याची झोप गेलीच. दोघांनी झोपायचं असेल तर दुकानात दोघांनी मिळून, चपला काढून, चांगली दहा-पंधरा मिनिटं पडून बघावं. लाजू नये. एक वर्षाखालच्या बाळाला मात्र त्यावर झोपवू नका, गुदमरण्याचा धोका असतो.

पाणी भरून झालं की आत हवेचे फुगे राहतात आणि रात्री डबडब आवाज करतात. केरसुणीचा दांडा आडवा धरून फुगा बुचाकडे ढकलत न्यायचा, शेवटी फुस्स आवाज येतो. पाणी शेवाळू नये म्हणून त्याचं औषध येतं, ते सांगितलेल्या मुदतीत घालत राहा. गादी रिकामी करण्याआधी हीटर बंद करा. पुन्हा सांगते, आधी हीटर बंद, मग पाणी बाहेर.

आणि हो, एवढं पाणी तापायला एक-दोन दिवस लागतात. तोवर जुनी गादी कुणाला देऊन टाकू नका. नमस्कार.