पुस्तकाचं नाव नको, पान सांगा

नमस्कार, श्रोतेहो. जेवणं आटोपली असतील. नसतील तर चालू द्या. भाकरी मोडता मोडता ऐकलं तरी माझी हरकत नाही.

वाचकांनी एकमेकांना पुस्तकं कशी सुचवावीत, यावर मी बोलायचं आहे. शिवाय चार-पाच पुस्तकं मी स्वतः सुचवावीत, असंही ठरलंय. कागदावर नावं लिहून आणली आहेत. किती होतात ते बघू.

अमळनेर तालुक्यात, बोरी नदीच्या अंगाला असलेल्या एका गावात मी 27 वर्षं वाचनालय सांभाळलं. 'ड' वर्गाचं वाचनालय. एक खोली, चार कपाटं, त्यातल्या एकाची काच फुटलेली. “भाऊ, काय वाचू?” असं विचारणारे रोज भेटायचे. मी नाव सांगायचो. ते मान डोलवायचे आणि नेहमीची रहस्यकथा घेऊन घरी जायचे. पुढे पुढे मी नाव सांगणंच सोडलं. पुस्तक उघडायचं, एक पान काढायचं आणि उभ्याउभ्या वाचून दाखवायचं. तो माणूस पुस्तक घेऊनच जायचा. म्हणून आधीच सांगून टाकतो: नाव सांगू नका, पान सांगा.

आणि आपल्या खान्देशाला हे नवीन नाही. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे. 21 फेब्रुवारी ते 19 जून, अठरा रविवार, अठरा अध्याय. समोर बसलेले साने गुरुजी ते उतरवून घ्यायचे. त्यातून ‘गीता प्रवचने’ झालं. म्हणजे ते पुस्तक आधी कैद्यांनी ऐकलं, जगानं मागाहून वाचलं. आपल्या असोद्याच्या बहिणाबाईंना तर अक्षरओळख नव्हती. त्या म्हणायच्या, मुलगा सोपानदेव आणि घरची माणसं टिपून ठेवायची. 1951 मध्ये त्या गेल्या आणि 1952 मध्ये गाणी छापून आली. आपल्याकडे पुस्तक आधी कानावर पडतं, मग डोळ्यांपुढे येतं.

बहिणाबाईंच्या त्या पुस्तकाला आचार्य अत्र्यांची प्रस्तावना आहे. तेवढी सोडली, तर प्रस्तावना आधी वाचू नये, हे माझं जुनं मत. प्रस्तावना म्हणजे लग्नाच्या पंगतीतलं भाषण. बोलणारा बोलतो आणि ताटातला वरणभात गार होतो. असो.

आता ती गोष्ट सांगतो. ती सांगायचीच म्हणून मी आलोय, खरं तर.

दिवाळीनंतर नववीतली एक मुलगी वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ घेऊन गेली. गुलामीत जन्मलेल्या एका अमेरिकन शेतीशास्त्रज्ञाचं चरित्र. वक्तृत्व स्पर्धेसाठी हवं होतं. 1981 साली आलेलं हे पुस्तक तुमच्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. आमच्याकडे मुदत पंधरा दिवसांची. पंधराचे तीस झाले, संक्रांत गेली, शिवरात्र आली, पुस्तकाचा पत्ता नाही. आणि मागणारे तीन जण माझ्या डोक्यावर बसलेले. शेवटी मीच सायकल काढली आणि संध्याकाळी तिच्या घरी गेलो.

वीज गेलेली. ओट्यावर कंदील. भोवती सात-आठ बाया, मध्ये फरदडीच्या कापसाचा ढीग. चांगला कापूस एकीकडे, कवडी दुसरीकडे, असं निवडणं चाललेलं. कंदिलाच्या अगदी जवळ ती मुलगी बसलेली, मांडीवर आमचं पुस्तक, आणि ती मोठ्यानं वाचतेय. मी तोंड उघडलं, तर एका बाईनं ओठांवर बोट ठेवलं. मी, ग्रंथपाल, माझंच पुस्तक मागायला आलेलो, गुपचूप पायरीवर बसलो.

वाचन सुरुवातीच्या भागाचं चाललं होतं. कार्व्हर तान्हा असताना त्याला आणि त्याच्या आईला पळवून नेतात, ते. मालक माणूस पाठवतो, आणि घोडा देऊन पोर तेवढं परत मिळतं. मुलगी तिथवर आली आणि सगळ्यांचे हात थांबले. कापसावर चालणारे आठ बायांचे हात एकदम थांबले की किती शांत होतं, ते तिथे बसल्याशिवाय कळायचं नाही. मग तिची आजी म्हणाली,

“घोडा गया, पोऱ्या उना. मंग माय कथी गयी?”

मुलगी म्हणाली, “नही सापडनी, माय.”

मला वाटलं, आता पुढे वाचेल. तेवढ्यात शेजारची बाई म्हणाली, “मागला टाइमले बी हाईच सांगं व्हतं.” तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हे दुसऱ्यांदा चाललं होतं! पहिल्यांदा पूर्ण झालं होतं. पण मागच्या गल्लीतल्या बाया उशिरा यायला लागल्या होत्या, त्यांचं सुरुवातीचं राहिलं होतं. त्यांच्यासाठी पुन्हा पहिल्या पानापासून. शेवट ठाऊक असूनही आजी आईचा तोच प्रश्न पुन्हा विचारत होती. यावेळी तरी ती सापडेल, असं वाटत असावं.

ओट्याखाली चुलीत तुराट्या जळत होत्या, त्यांवर वांगी भाजत होती. आता इथे दोन शब्द बोलू द्या. गॅसवर भाजलेल्या वांग्याचं जे होतं त्याला लोक भरीत म्हणतात. म्हणोत. तुराट्यांचा धूर लागला नाही, तर ती वांग्याची भाजी. मी तेवढ्यापुरता कडक माणूस आहे.

तर वाचन पुढे सरकलं. माझी उठायची वेळ झाली होती, पण उठलो नाही. मुलीनं चार पानं सोडून एकदम पुढचा भाग काढला, म्हणाली, “भाऊ, आमची भांडणाची जागा ऐका.” कार्व्हर 1896 साली अलाबामातल्या टस्कीगीला गेले. तिथले शेतकरी वर्षानुवर्षं कापसावर कापूस घेत होते, जमीन निचरून गेलेली. कार्व्हर त्यांना सांगतात, एक वर्ष भुईमूग घ्या, चवळी घ्या, रताळी घ्या. शेंगावर्गी पिकाच्या मुळांवर गाठी असतात, त्या हवेतलं नत्र जमिनीत आणतात. मुलगी हे वाचत होती आणि आजी हातातलं बोंड तसंच धरून माझ्याकडे बघत होती. शेवटी राहवलं नाही तिला.

“भाऊ, हाई त बेवड शे! मूगना बेवड, भुईमूगना बेवड. इतली पानं कसाले लिखनी?”

बेवड. सगळ्या ओट्यावर हशा. शेतकी खात्याच्या पत्रकात ‘पिकांची फेरपालट’ छापतात, मीही तेच म्हणायचो. आणि या बाईनं एका शब्दात पुस्तकाचं अख्खं प्रकरण मिटवलं. तरी पुढचं तिनं मान्य केलं. खेचरांच्या गाडीत अवजारं आणि बियाणं घालून कार्व्हरांची शाळा शेतकऱ्यांच्या दारोदार जायची, ते. 1906 पासून ती गाडी फिरायला लागली. “हाई मात्र आमनाकडे नही,” म्हणाली. अमेरिकेत बोंडांत शिरणारा भुंगा आला होता, त्यावरही चर्चा झाली. आपली बोंडअळी वाईट की त्यांचा भुंगा वाईट. निकाल लागला नाही.

मी पुस्तक हातात घेऊन पाहिलं. वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं. आत एका पानावर हळदीचं बोट उमटलेलं. नियमानं दंड व्हायला हवा. मी म्हणालो, “माय, रोज दहा पैसे, साडेदहा रुपये झाले.” आजी म्हणाली, “पैसा नहीत. आनि आखो चार पानं बाकी शेतस.”

मग मी काय करणार? तीन वाचकांना सांगितलं, थांबा अजून.

आठ दिवसांनी ती मुलगी आली. काखेत पुस्तक, डोक्यावर गोणपाटाची पिशवी. पिशवीत भुईमुगाच्या शेंगा, चांगल्या दोन पायली. आजीनं दंड पाठवला होता. पावतीपुस्तकात शेंगांचा रकाना नाही. मी बराच वेळ विचार केला आणि देणगीच्या नोंदवहीत लिहिलं, ‘भुईमूग शेंगा, दोन पायली, विलंब शुल्कापोटी.’ पुढे तपासणी झाली तेव्हा तपासणाऱ्या साहेबांनी त्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, “वस्तू दप्तरी आहे का?” ते सांगतो शेवटी.

कागदावरचं राहिलंच. वेळ थोडा उरलाय, भरभर ऐका. आणि बघा, मी नावाबरोबर पानच सांगतोय.

व्यंकटेश माडगूळकरांचं ‘बनगरवाडी’, 1955 चं. तरुण मास्तर पायी वाडीकडे निघालाय, माणदेशच्या उघड्या माळावरून. ती पहिली पानं मोठ्यानं वाचा, तुमच्या पायांना माती लागेल. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. नवरा ख्रिस्ती झाल्याचं कळल्यावर घरात जे काही होतं, तो भाग घरातल्या सासू-सुनेनं एकत्र वाचावा. वाद झाला तर होऊ द्या. आणि आपल्या यावल तालुक्यातल्या सांगवीच्या भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’, 1963 ची. तिला हात लावायला पोरं घाबरतात, फार गाजलेली म्हणून. त्यांना सांगा, नायक पांडुरंगाची धाकटी बहीण मनी जाते, तो भाग आधी काढ. तो वाचून झाला की पोरगा मागचं-पुढचं आपणहून वाचतो. हा प्रयोग मी अनेकदा केलाय.

पाचवं राहिलं. राहू द्या.

एक मात्र आयोजक मंडळींना. सत्कारात शाल-श्रीफळ नको, पुस्तक द्या, असं सगळे म्हणतात, आणि मग अशी जाडजूड पुस्तकं देतात की ती उघडली तर मणका मोडेल. द्यायचंच तर आपण वाचलेलं द्या, आणि देताना त्यातलं अर्धं पान वाचून दाखवा. नाव सांगू नका, पान सांगा. हार-तुऱ्यांत जाणारा वेळ तरी वाचेल.

हां, तर साहेबांनी विचारलं, वस्तू दप्तरी आहे का. मी म्हणालो, “नाही साहेब, संचालक मंडळाच्या मासिक सभेत संपली.” त्यांनी इतिवृत्त मागितलं. इतिवृत्तात खरंच होतं: ‘विषय क्रमांक चार, शेंगा. सर्वानुमते मंजूर.’

नमस्कार.