पीट काढणीचा फोटो वाचताना

(दृश्य: अल्बमचं पान. पडीक माळ, खोल चर, चार-पाच माणसं.)

स्कॉटलंडच्या वायव्येला लुईस बेट आहे. इथली कुटुंबं क्रॉफ्टवर जगली. क्रॉफ्ट म्हणजे कुळानं कसायची जमिनीची लहानशी पट्टी, आणि तिच्या जोडीला गावाचं सामाईक गायरान. 1886 च्या कायद्यानं या कुळांना हुसकावण्यापासून संरक्षण मिळालं. त्यांच्या घरोघरच्या अल्बममध्ये पीट, म्हणजे दलदलीतून कापून काढायचं जळण, त्याच्या काढणीचा फोटो हमखास सापडतो.

त्याचं कारण उजेडात आहे. 1900 मध्ये आलेल्या ब्राउनीसारख्या साध्या पेटी-कॅमेऱ्याला भरपूर ऊन लागायचं. ‘काळं घर’ म्हणजे इथलं शाकारलेल्या छपराचं जुनं घर. धुराडं नसलेल्या, धुरानं कोंदलेल्या अशा घरात तो निरुपयोगी होता. मे महिन्यात माळावर ऊन असायचं आणि पीट काढायला शेजारीही जमलेले असायचे. म्हणून अल्बममध्ये उन्हाळा दिसतो. हिवाळा, चूल, हातमाग फार कमी. एवढ्यावरून इथलं सारं वर्ष असंच गेलं असं समजू नये.

(दृश्य: चराचा जवळून भाग.)

पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचलेल्या अर्धकुजक्या वनस्पतींचा थर. बेटावर झाडं जवळजवळ नाहीत, म्हणून वाळवलेलं पीट हेच जळण असे. आधी वरचा गवताळ थर काढून गेल्या वर्षीच्या चराच्या तळाशी अंथरतात, गवत वर ठेवून, म्हणजे माळ पुन्हा धरतो. वर उभा असलेला माणूस पायानं दाबतोय ते हत्यार म्हणजे तारश्केर. दांड्याला पाय ठेवायला खुंटी, खाली काटकोनात वळलेलं पातं. एका दाबात वडीच्या दोन बाजू कापल्या जातात. खाली चरात उभा असलेला जोडीदार ती ओली वडी झेलून बाजूला फेकतो. वरच्या थराची वडी तंतुमय आणि हलकी, खालची काळी आणि घट्ट. चांगला जाळ खालच्या वडीचाच.

साधारण दोन आठवड्यांनी पापुद्रा धरला की तीन-चार वड्या एकमेकींना टेकवून उभ्या करतात, वर एक आडवी. घाई केली तर वड्या मोडतात, उशीर केला तर खालची बाजू ओलीच राहते. अल्बममधल्या एखाद्या फोटोत असे ढिगुले दिसले, तर तो कापणीनंतरच्या आठवड्यांतला.

(दृश्य: पाठीवर टोपली, हातात विणकाम, चालणारी बाई.)

घरापर्यंतचं ओझं बहुतेक बायकांच्या पाठीवर असे, आणि हात रिकामे नसत. ट्रॅक्टर दिसला तर फोटो बहुधा दुसऱ्या महायुद्धानंतरचा. शाकारलेल्या छपरावरून मात्र काळ ठरवू नका: आर्नोल गावातल्या 42 नंबरच्या काळ्या घरात 1966 पर्यंत लोक राहत होते.

माणसं ओळखणं सर्वांत कठीण, कारण त्याच त्या नावांची माणसं गावात अनेक. म्हणून बापाचं, आजोबाचं नाव, टोपणनाव आणि क्रॉफ्टचा क्रमांक, सगळं नोंदवा. लग्न झालेल्या बाईचं माहेरचं नावही लिहा. त्याशिवाय तिचा माग लागत नाही. लुईसच्या उत्तर टोकाला असलेल्या नेसच्या इतिहास मंडळासारखी गावोगावची मंडळं हे काम करत आली आहेत; नेसचं 1977 पासून.

नोंद फोटोच्या मागे, मऊ पेन्सिलीनं, कडेला; नावं फोटोतल्या माणसांच्या क्रमानं, डावीकडून उजवीकडे. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. डिंकानं चिकटलेला फोटो ओढून काढू नका. आहे तसा पानासकट स्कॅन करा. लहान प्रतीला 1200 डीपीआय (इंचामागे ठिपके) ठेवा, म्हणजे चरात उभ्या असलेल्या माणसाचा चेहराही मोठा करून पाहता येतो.