तिळभर चुकलेली गोळी

(रमण विज्ञान केंद्र, तारांगणाचा घुमट, शाळेची रांग)

गांधीसागर तलावासमोरचं हे रमण विज्ञान केंद्र. तारांगणाचा शो संपला की पोट्टे असे डोळे चोळत बाहेर येतात, उन्हात एकदम काही दिसत नाही ना त्यांना. तिथेच आम्ही माइक पुढे केला अन् सगळ्यांना एकच विचारलं, टाइम मशीन मिळाली तर कुठे जाशील? डायनासोर बघायला जाणारे निघाले, शिवाजी महाराजांना भेटायला जाणारे तर खूपच निघाले, आणि मग ही आली.

(लाल रिबीनवाली मुलगी. तिला बोलू द्यायचं, म्युझिक नको)

"दादा, मी ना, आजोबा तरुण होते तेव्हाच्या टायमात जाईन अन् त्यांना पहिला खर्रा खाऊच देणार नाही."

एका वाक्यात पोरीने विज्ञानकथेतला सगळ्यात अवघड पेच मांडला. कारण तिने अडवलं तर तंबाखू-सुपारीच्या या खर्र्याने आजोबा आजारी पडणार नाहीत, ते आज घरी बसलेले असतील, मग हिला मागे जायचं कारणच उरत नाही, मग ती जाणारच नाही, म्हणजे तिकडे त्यांना अडवणारं कुणीच नाही, ते खर्रा खाणारच, अन् ही परत मशीनमध्ये बसणार. संपतच नाही. याला ग्रँडफादर पॅरॉडॉक्स म्हणतात. पुस्तकांत तो नेहमी नातू आजोबांना लग्नाआधीच मारून टाकतो असा सांगतात, मला तो प्रकार कधी आवडला नाही. गाठ तीच आहे, पण आजोबांना वाचवायला कुणीतरी खरंच मशीनमध्ये बसेल.

(घुमटाच्या आत, फिरतं आकाश)

हे फक्त लेखकांच्या डोक्यातलं आहे असं समजू नका. १९४९ मध्ये कुर्ट गोडेल या गणितज्ञाने आइन्स्टाइनचीच समीकरणं घेतली आणि एक फिरणारं विश्व मांडून दाखवलं, ज्यात माणूस पुढे पुढे जात स्वतःच्याच भूतकाळात पोचू शकतो. आपलं विश्व तसं फिरताना दिसत नाही, पण समीकरणं नाही म्हणत नाहीत. मग पेच सोडवायचा कसा? रशियाचे भौतिकशास्त्रज्ञ नोविकोव्ह म्हणाले की मागे गेलात तरी जे घडलंय तेच घडणार, म्हणजे पोरगी पोचेल पण गल्ली चुकेल, किंवा तिला रस्ता दाखवायला म्हणूनच आजोबा त्या पानठेल्यापर्यंत जातील. स्टीफन हॉकिंगचं मत होतं की निसर्ग मुळात कुणाला मागे जाऊच देत नाही. २८ जून २००९ ला त्यांनी टाइम ट्रॅव्हलर्ससाठी पार्टी ठेवली, आमंत्रण पार्टी झाल्यावर जाहीर केलं, कुणी आलं नाही.

तिसरी वाट १९५७ ची. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठातला भौतिकशास्त्रज्ञ ह्यू एव्हरेट म्हणाला की क्वांटममध्ये, म्हणजे अणूंसारख्या बारीक कणांच्या जगात, जेवढ्या शक्यता असतात तेवढ्या सगळ्या घडतात, प्रत्येक आपापल्या जगात. या वाटेने गेलं तर पोरगी आजोबांना अडवते, ज्या जगात अडवते त्या जगात आजोबा छान म्हातारे होतात, आणि पेच सुटतो. पण ती ज्या घरून निघाली त्या घरी ते नसतातच. हे तिला सांगितलं.

(मुलीचा चेहरा, पाच सेकंद, निवेदन नाही)

(लायब्ररी, जुनी मराठी पुस्तकं, पान उलटणारा हात)

या तिसऱ्या वाटेवरची मराठीतली कथा म्हणजे जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत'. पण त्याआधीचं थोडं सांगायलाच पाहिजे. केंब्रिजमध्ये नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉइल, ते स्वतः विज्ञानकथा लिहायचे. १९७२ ला नारळीकर मुंबईला परतले, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. १९७४ ला मराठी विज्ञान परिषदेची विज्ञानकथा स्पर्धा होती, त्यात त्यांनी 'कृष्णविवर' पाठवली, पण स्वतःच्या नावाने नाही, नारायण विनायक जगताप या नावाने. जयंत विष्णू नारळीकरची आद्याक्षरं उलटी वाचा. मोठ्या शास्त्रज्ञाचं नाव बघून कुणी बक्षीस देऊ नये, कथेला कथा म्हणून तोलावं, यासाठी माणूस एवढी काळजी घेतो! बक्षीस त्या जगतापांनाच मिळालं.

इथे दुसरा पेच सांगतो. समजा आजच्या एखाद्या पोट्ट्याने छापील 'कृष्णविवर' घेऊन १९७४ च्या आधी जावं, नारळीकरांच्या टेबलावर ठेवावी, त्यांनी ती उतरवून स्पर्धेला पाठवावी, ती छापून यावी अन् तेच पुस्तक या पोट्ट्याने विकत घ्यावं. मग कथा लिहिली कुणी? हा बूटस्ट्रॅप पॅरॉडॉक्स. यात कुठेच विसंगती नाही, नोविकोव्हचा नियमही मोडत नाही, तरी कथेचा लेखकच गायब.

(पानिपतच्या लढाईचं चित्र, हळू झूम)

१४ जानेवारी १७६१, पानिपत. विश्वासरावांना गोळी लागली आणि पुढचं आपल्याला घरोघरी माहीत आहे. नारळीकरांचे गंगाधरपंत इतिहासाचे प्रोफेसर, एका अपघातात ते अशा जगात जातात जिथे तीच गोळी विश्वासरावांच्या कानाजवळून तिळभर अंतराने निघून गेली, मराठे जिंकले, आणि हिंदुस्थानचा नकाशाच वेगळा झाला. नुसतं स्वप्न म्हणून सोडून द्यायला लेखक तयार नाही, पंतांच्या खिशात तिकडच्या बखरीचं पान आहे. पानिपत हे आपलं दुखणं आहे, त्यावर क्वांटम बसवायची हिंमत मराठीत झाली याचा मला फार अभिमान वाटतो.

(सीताबर्डीची टेकडी, खाली मेट्रो)

असे फाटे नागपुरात काय कमी आहेत? या केंद्राला ज्यांचं नाव दिलंय ते सी. व्ही. रमण १९१० च्या सुमारास वित्त खात्याच्या नोकरीत काही काळ नागपुरातच होते, कलकत्त्याला परत बदली झाली अन् १९२८ चा रमण परिणाम तिकडे सापडला. पण खरी कथा ही टेकडी आहे. २६ नोव्हेंबर १८१७ ची संध्याकाळ, अप्पासाहेब भोसल्यांची फौज कितीतरी मोठी, वर कंपनीची थोडीशी पलटण. दुसऱ्या दिवशी सकाळी भोसल्यांच्या अरबांनी छोटी टेकडी घेतलीसुद्धा. तेव्हा कॅप्टन फिट्झजेराल्डने वरून मनाई असताना घोडदळ घातलं आणि लढाई फिरली. पुढे डलहौसीने राज्यच खालसा केलं.

ही कथा नागपूरच्याच पोट्ट्या-पोट्टींनी लिहावी, मराठीत लिहावी, वऱ्हाडीत लिहिली तर अजून मस्त. मेट्रोतून उतरलेला हीरो १८१७ ला पोचला अन् त्याला फिट्झजेराल्डचा घोडा अडवायचा असेल, तर लेखकाने आधी ठरवायचं की नियम कुणाचा. नोविकोव्हचा लावला तर हीरोच्याच आरडाओरड्याने घोडा उधळेल अन् कॅप्टन पुढे सुटेल. एव्हरेटचा लावला तर टेकडी भोसल्यांकडे राहील, हीरो परत येईल तो मोडी लिपीत पाट्या असलेल्या नागपुरात, सदरला रेसिडेन्सी रोड नावाचा रस्ताच नसेल अन् घरचा पत्ता कुणाला विचारायचा हे त्याला कळणार नाही.