सव्वा महिन्याच्या आत

इंदूर, रामबाग. घरभर बाळंतशेपा भाजल्याचा वास. बाळ बत्तिसाव्या आठवड्यातच आलं, वजन 1400 ग्रॅम. तीन आठवडे नर्सरीत काचेच्या पेटीत काढून आता घरी आलंय, चांगलं दूध ओढतंय. आजीचं म्हणणं साधं आहे: सव्वा महिना झाल्याशिवाय बाळ उंबरठा ओलांडणार नाही.

आज त्याचा 27 वा दिवस. आणि त्याला आजच बाहेर न्यायचंय, डोळे तपासायला.

डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या आईच्या पोटात सोळाव्या आठवड्याच्या सुमारास वाढू लागतात, त्या कडेपर्यंत पोचायला दिवस भरावे लागतात. बाळ आधीच आलं की वाढ अर्ध्यावर राहते. त्यात जन्मल्यावर प्राणवायू जास्त झाला तर ती थांबतेच. मग उपाशी पडद्यावर नव्या, कच्च्या वाहिन्या फुटतात. त्या गळतात, आकसतात आणि पडदाच ओढून सुटा करतात. डॉक्टर याला 'आरओपी' (रेटिनोपथी ऑफ प्रीमॅच्युरिटी) म्हणतात. सुरुवातीला डोळा लाल होत नाही, पाणीही येत नाही. घरच्यांना कळणार कसं?

1942 साली बोस्टनचे नेत्रतज्ज्ञ थिओडोर टेरी यांनी याची पहिली नोंद केली. 1951 मध्ये मेलबर्नच्या बालरोगतज्ज्ञ केट कॅम्पबेल यांनी बोट ठेवलं ते प्राणवायूवर. तोवर हजारो मुलांची दृष्टी गेली होती, तीही सोयी उत्तम होत्या अशा देशांत. पुढे प्राणवायू आखडता घेतला. अंधत्व घटलं, पण बाळं दगावू लागली. मग 1970 नंतर अगदी इवली बाळं जगू लागली आणि आजार परतला.

आताची लाट आपल्यासारख्या देशांतली आहे. नर्सऱ्या वाढल्या, बाळं वाचू लागली, पण प्राणवायू मोजूनमापून देणं सगळीकडे पोचलं नाही. म्हणून श्रीमंत देशांत हा आजार मुख्यतः किलोच्या आतल्या बाळांना गाठतो, आपल्याकडे दीड किलोच्या बाळालाही. आपला नियम त्यामुळेच सैल नाही: 34 आठवड्यांच्या आधी किंवा 2 किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ जन्मलं, तर 30 दिवसांच्या आत पडदा तपासायचा. फारच लहान असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच.

या बाळाच्या सुट्टीच्या कार्डावर लशींच्या तारखा आहेत, दुधाचं माप आहे. डोळ्यांचा उल्लेख नाही. मला हे फार लागलं. नर्सरीतल्या एका सिस्टरने जाता जाता आईला सांगितलं, म्हणून हे घर आज निघालं.

थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या. बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळलं. बारीक तारेच्या चिमट्याने पापण्या उघड्या धरल्या. डॉक्टरांच्या कपाळावर दिवा, हातात भिंग. बाळाने टाहो फोडला, तशी आजी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. काही मिनिटांत झालंही.

वाहिन्या अजून कडेला पोचलेल्या नाहीत, पण आजार नाही. असता आणि बळावलेला असता, तर दोन-तीन दिवसांत लेसरसारखे उपचार करावे लागले असते. दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावलंय.

आजी बोटांवर दिवस मोजते. "तोवर सव्वा महिना होतोच की," म्हणते आणि बाळाचं टोपडं नीट करते.