हजार वर्षं जुनं मातीचं गाव आणि सिमेंटचा घोळ

नमस्कार मंडळी! आज जरा लांब जायचंय, अमेरिकेत, पण न्यूयॉर्क-बिन्यूयॉर्क नाही, न्यू मेक्सिकोतल्या ताओस पुएब्लोला, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या जुन्या गावाला. हा फोटो बघा. मधून ओढा वाहतोय, अल्याड-पल्याड दोन मोठ्या इमारती, घरावर घर रचलेलं, काही ठिकाणी चार-पाच मजले, आणि सगळं कच्च्या विटेचं! माती, पाणी, गवताचा भुसा, कालवायचं, साच्यात घालायचं, उन्हात वाळवायचं, भट्टी-बिट्टी काही नाही. यालाच अडोबी म्हणतात. इथल्या मूळ रहिवाशांनी याचा बराचसा भाग इ.स. १००० ते १४५० या काळात बांधला असं मानतात, म्हणजे आपल्याकडे देवगिरीवर यादव होते तेव्हा हे गाव चढत होतं.

आता छत बघा, हे बघून मी उडालोच. आडवी लाकडं, त्यावर बारक्या काठ्या एकाला एक चिकटवून, वर मातीचा थर. अहो, हे आपलं माळवदच की! फक्त पूर्वी यांच्या घरांना खालून दारच नसायचं, शिडीनं छतावर चढायचं आणि छतातून आत उतरायचं, हल्ला झाला की शिडी वर ओढून घ्यायची, बसा मग खाली बोंबलत.

पण मातीचं घर इतकी शतकं टिकलं कसं? तर सोपंय, वेळोवेळी वरून मातीचा नवा गिलावा देत राहायचं. पावसानं वरचा थर झिजतो, तुम्ही परत लिंपता, आतली भिंत शाबूत. आणि हे सोडलं की काय होतं ते जवळच घडलंय. ताओसच्या दक्षिणेला रांचोस दे ताओस गावात मातीचं जुनं चर्च आहे, त्याला १९६७ मध्ये सिमेंटचा गिलावा दिला, दरवर्षीची कटकट नको म्हणून. झालं काय, सिमेंटला बारीक चिरा पडल्या, पाणी आत गेलं, आणि बाहेर पडायला वाटच नाही! मातीची भिंत ओल शोषते तशी सोडतेही, सिमेंटनं तीच बंद केली, म्हणून वरून ठणठणीत आणि आतून परत चिखल. शेवटी १९७९ मध्ये सगळं सिमेंट खरवडून गावकऱ्यांनी पुन्हा माती लावली, आता दर उन्हाळ्यात सगळे मिळून लिंपतात. आमच्या गावच्या घराला पण मिस्त्रीनं असंच 'पक्कं' करून दिलं होतं, तिसऱ्या पावसाळ्यात ताटाएवढे पोपडे हातात आले.

१९९२ ला ताओस पुएब्लो युनेस्कोच्या यादीत गेलं. पण मला विचाराल तर त्याहून मोठी गोष्ट १९७० ची. ओढ्याचं पाणी येतं वर डोंगरातल्या ब्लू लेकमधून, ते त्यांचं पवित्र तळं, सरकारनं १९०६ मध्ये जंगलखात्यात घातलेलं. चौसष्ट वर्षं ही माणसं मागे लागली, तेव्हा कुठे राष्ट्राध्यक्ष निक्सननं सही केली आणि ४८,००० एकर जमीन परत मिळाली.

जुन्या गावाच्या भिंतींच्या आत आजही वीज नाही, नळ नाही, पाणी ओढ्याचंच. कायम राहणारी माणसं थोडीच, बाकीच्यांची घरं आसपास, पण सणाला सगळी इथे.

आणि हो, कच्च्या विटेला तुमच्याकडे काय म्हणतात ते कॉमेंटमध्ये टाका, आमच्याकडे भेंडा म्हणतात.