फूटभर तांब्याच्या नळीत

पवईला आयआयटीच्या कॅम्पसमध्ये 'समीर' नावाची सरकारी संस्था आहे. कॅन्सरच्या रेडिएशनला लागतं ते लिनॅक, म्हणजे इलेक्ट्रॉनना सरळ रेषेत प्रचंड वेग देणारं मशीन, इथे बनतं, आणि त्याचा जीव म्हणजे आतली तांब्याची नळी, तीपण इथलीच. हातात धरता येईल एवढी, जेमतेम फूटभर.

आत तांब्याच्या चकत्या एकावर एक रचून भट्टीत ब्रेझिंगने, म्हणजे दुसरा धातू वितळवून, जोडलेल्या असतात, मधोमध बारीक भोक. एका टोकाकडून इलेक्ट्रॉन सोडायचे, बाजूने मॅग्नेट्रॉनच्या, म्हणजे मायक्रोवेव्ह तयार करणाऱ्या भागाच्या, लहरी द्यायच्या. घरच्या ओव्हनमध्येही मॅग्नेट्रॉनच असतो, पण हा मायक्रोसेकंदांच्या झटक्यात दोन-तीन मेगावॉट देतो. चकत्यांमधल्या प्रत्येक पोकळीत इलेक्ट्रॉनला नेमक्या क्षणी धक्का बसतो आणि बाहेर पडेपर्यंत त्याचा वेग प्रकाशाच्या ९९ टक्क्यांवर गेलेला असतो, मग तो टंगस्टनवर आदळतो आणि एक्स-रे निघतात.

आता यात महाग काय? तांबं नाही हो, अचूकपणा महाग आहे. चकतीचं माप मायक्रॉनमध्ये सांभाळायचं, आणि तांबं एक डिग्रीने जरी तापलं तरी ट्यूनिंग, म्हणजे नळी ज्या फ्रिक्वेन्सीला मायक्रोवेव्हशी जुळते ती, साधारण ५० किलोहर्ट्झने सरकतं, म्हणून नळीभोवती ठरलेल्या तापमानाचं पाणी सतत फिरवत ठेवावं लागतं.

असंच नळीतून पळवलेले इलेक्ट्रॉन कारखान्याच्याही कामाचे. खारघरला बीएआरसीच्या (भाभा अणुसंशोधन केंद्राच्या) इलेक्ट्रॉन बीम सेंटरमध्ये १० एमईव्हीचा लिनॅक आहे; एमईव्ही हे इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेचं माप. इथे टंगस्टन लागत नाही, बीम पातळ टायटॅनियमच्या पत्र्यातून थेट मालावर पडतो. केबलचं प्लॅस्टिक त्याने उष्णता सोसणारं होतं, सिरिंज पॅकिंगसकट निर्जंतुक होतात. अशाच कामाला वापरतात तो किरणोत्सारी कोबाल्ट चोवीस तास किरणं सोडत राहतो आणि सव्वापाच वर्षांत निम्मा होतो, लिनॅक मात्र बटण दाबलं की बंद, आणि मला तरी हीच यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

सेवाग्रामच्या कस्तुरबा हॉस्पिटलमध्ये समीरचं मशीन बसलं. विदर्भातल्या खेड्यातून आलेला पेशंट पाच-सहा आठवडे रोज रेडिएशन घेतो, आणि मध्येच मॅग्नेट्रॉन गेला, पार्ट परदेशातून येईपर्यंत मशीन बंद, तर त्याने करायचं काय? ट्रीटमेंटमध्ये खंड पडला की ट्यूमरला पुन्हा वाढायला वाव मिळतो. म्हणून स्वस्त मशीन म्हणजे नुसती कमी किंमत नव्हे. मॅग्नेट्रॉन इथे बनायला हवा, दुरुस्त करणारा इंजिनिअर जवळ हवा, आणि सुटा भाग किती दिवसांत पोचवणार हे टेंडरमध्येच लिहून घ्यायला हवं.