बर्फात घोड्यावरून एल्कची टेहळणी

श्रोतेहो, नमस्कार. अमेरिकेतल्या माँटाना राज्यात ऑक्टोबरच्या अखेरीपासून साधारण पाच आठवडे बंदुकीने एल्क मारण्याचा हंगाम असतो. एल्क हा आपल्या काश्मीरच्या हंगुल हरणाचा जवळचा नातलग. पूर्ण वाढलेला नर ३०० किलोंच्या पुढे जातो. आपल्याकडे १९७२च्या कायद्याने शिकार बंद झाली, तिथे ती परवान्यावर चालते. पण बंदूक उचलण्याआधी कळप हेरावा लागतो आणि डोंगर मोठे असल्याने ते काम घोड्यावरून करतात. आज बोलायचं आहे ते त्या टेहळणीबद्दल.

सुरुवात पहाटे अंधारात, लगामापासून. उणे पंधरा अंशांत लगामाचं लोखंड तसंच तोंडात घातलं तर ते जिभेला चिकटतं आणि कातडी सोलून निघते. म्हणून खोगीर चढवेपर्यंत लगाम कोटाच्या आत, अंगाशी धरून ठेवायचा.

खरी डोकेदुखी खुरांची. नाल मारलेल्या खुराच्या पोकळीत बर्फ दाबला जातो, थिजतो, आणि बघता बघता खुराखाली गोळा तयार होतो. घोडा जणू खडावा घालून चालू लागतो; उतारावर घोटा मुरगळायला एवढं पुरे. तेल किंवा ग्रीस चोपडतात, पण त्याचा परिणाम फार वेळ टिकत नाही. नाल आणि खूर यांच्यामध्ये रबराची खास पट्टी बसवली, तर दर पावलाला ती दबते नि बर्फ बाहेर फेकते. हंगामाआधी नालबंदाकडून ती बसवून घ्यावी, आणि निसरड्या बर्फासाठी नालांना टोकदार खिळेही. खूर कोरायची आकडी तरीही खिशात हवीच.

दुसरा धोका स्वाराच्या पायाचा. थंडीचे जाड बूट नेहमीच्या रिकिबीत घट्ट बसतात. पडलात तर पाय अडकतो आणि घोडा फरफटत नेतो. रुंद रिकीब घ्या. अधूनमधून उतरून पायी चाला, बोटं बधिर होत नाहीत आणि घोड्याच्या पाठीलाही विसावा मिळतो.

आता वारा. सूर्य वर येईपर्यंत गार हवा दरीकडे उतरते. ऊन लागलं की तीच हवा उतारावरून वर चढते. पहाटे कळपाच्या वरच्या अंगाने गेलात तर तुमचा वास आधी पोचतो. त्यामुळे समोरच्या डोंगरावरून, दरी मध्ये ठेवून बघणं शहाणपणाचं. घोडा माथ्याच्या अलीकडे, आडोशाला बांधायचा, लगामाने नव्हे, मोरखीच्या दोराने, जाड जिवंत झाडाला. लगामाने बांधलेला घोडा बुजला की लगाम तुटतो आणि स्वार पायी घरी येतो.

दुर्बीण दहापट पुरते. पहाटे दक्षिणेकडच्या, वाऱ्याने बर्फ उडालेल्या गवताळ उतारांवर एल्क चरतात. नंतर दाट झाडीत बसतात. झाडीत अख्खं जनावर शोधू नका. उभ्या खोडांत पाठीची आडवी रेघ आणि ढुंगणावरचा फिकट पिवळसर डाग शोधा. माजाचा काळ सरल्यावर मोठे नर माद्यांपासून वेगळे, अवघड जागी राहतात. वाटेत घोड्याचे कान पाहत राहा. माणसाच्या आधी त्याला चाहूल लागते. लेंड्या गोठलेल्या आहेत म्हणून माग जुना समजू नका, एवढ्या थंडीत त्या लवकर कडक होतात. ठशाच्या कडा मात्र फसवत नाहीत: ताज्या ठशात बर्फ भुसभुशीत, जुन्यात कडक.

यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या आसपास अस्वलं हंगामातही फिरत असतात. त्यांच्यासाठीचा मिरचीचा फवारा कोटाच्या आत ठेवा, कारण थंडीने डब्यातला दाब उतरतो.

मुक्कामावर आल्यावर पाणी. घोड्याला दिवसाला २५ ते ४० लिटर लागतं, पण बर्फगार पाणी तो कमी पितो आणि कोरड्या चाऱ्याने पोटशूळ उठतो. कोमट पाणी द्या, चाऱ्यावर थोडं मीठ टाका. चाराही तणबीमुक्त असल्याचं प्रमाणपत्र असलेलाच न्यावा लागतो. राष्ट्रीय वनांत तसा नियम आहे.